मोरीतलं ताक

शके सतराशे शहाऐंशी, पौष वद्य पंचमी. थंडी चांगलीच पडली होती आणि मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बोळात उकिडवी बसून गवळणीच्या मोरीखाली दगडाची दोणी बसवत होते. दोणी मीच घडवली होती. तळाला थोडा उतार, एका कोपऱ्यात भोक, भोकाला चिंध्यांचा बोळा. मोरीतून पडलेलं ताक दोणीत साचावं आणि बोळा काढला की माझ्या घागरीत यावं, एवढंच तिचं काम. बोळातून जाणारे लोक थांबून बघत होते. मी दगडाखाली चिपा ठोकत राहिले. दोणी डगमगली तर अर्धं ताक जमिनीत गेलं असतं.

आम्ही वडार, माती-दगडाची कामं करणारी माणसं. आगगाडीचा रस्ता तेव्हा वऱ्हाडात येत होता आणि त्याचा भराव घालायला आमची टोळी अकोल्याबाहेर पालं ठोकून राहिली होती. टोळीचे नाईक माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. दिवाळीच्या सुमारास एक धोंडा गाडीतून घसरला आणि माझ्या नवऱ्याच्या पायावर आला. पाय वाचला, पण वाकडा झाला. माती वाहणं त्याला पुन्हा जमणार नव्हतं. हे त्याला माझ्या आधी कळलं. त्यानं पाटी आणि फावडं घासूनपुसून थोरल्या भावाच्या पालात नेऊन ठेवलं आणि परत येऊन गप्प बसला.

आमच्यात रीत अशी, की टोळी पुढं सरकते तेव्हा ज्या घरचे हात कामाला, त्या घराला गाडीत जागा. ज्या घरचे हात थकले, ते घर नाइकाच्या चुलीवर जेवतं. उपाशी कुणाला ठेवत नाहीत, ते खरं. पण आपली चूल मोडावी लागते. तवा, परात, जनावरं नाइकाकडं जातात आणि बाई थोरल्या जावेच्या हाताखाली जाते. होळी झाली की टोळी बडनेऱ्याकडं निघणार होती. तोवर आमचं पोट आमचं आम्ही भरू शकतो असं दिसलं तर माझी चूल राहणार होती. नाहीतर नाही.

हे मला डुकरिणीमार्फत कळलं. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही रीत भासरे फार कडक पाळत. मला काही सांगायचं असलं तर ते नवऱ्याला सांगत. तो नसला तर जावेला. दोघंही नसली तर समोर असेल त्याला, कुत्र्याला नाहीतर पालाच्या खांबाला. त्या दिवशी आमची डुक्करीण दारात पिल्लांना पाजत पडली होती.

"आयक वं म्हातारे," ते तिला म्हणाले, "होळीलोक तुही पिल्लं पोसली गेली, तं तुह्या मालकिनीची चूल राहीन. नाई तं तू आमच्या कळपात ये."

डुकरिणीनं कान हलवला. मी भाकरी थापत होते, थापत राहिले. (आमची घरची बोली वेगळी, तेलंगणाकडची. ती वाचणाऱ्याला कळायची नाही, म्हणून सगळं वऱ्हाडीत लिहिते. अक्षरं मी पुढं शिकले, ती गोष्ट वेगळी.)

पिल्लं दूध सोडायला आली होती. त्यांना घालायचं काय, हा प्रश्न होता. एरवी आमची डुकरं गावाभोवती फिरून पोट भरत. तशी ती जगतात, पण वाढत नाहीत. वाढायला अंगी लागेल असं काही लागतं. त्या वर्षांत ज्याच्याकडं टीचभर रान होतं त्यानं त्यात कापूस पेरला होता, आणि ज्वारी इतकी महाग की माणसंच भाकरीचे तुकडे मोजून खात. डुकरांना धान्य घालते म्हटलं असतं तर लोकांनी मला दगड मारले असते, आणि ते बरोबरच झालं असतं.

नवऱ्याचा पाय मोडल्यापासून मी छन्नी-हातोडी घेऊन दारोदार जात्यांना टाकी लावत, म्हणजे झिजलेले दगड पुन्हा खरखरीत करत फिरत होते. अशीच एकदा त्या गवळणीकडं गेले. तिच्याकडं म्हशी पुष्कळ. आधी ती गल्लीत दूध घालायची. कापसाचा पैसा आला तसे दलाल आणि अडते तूप मागू लागले, अकोल्याचे मागत, अमरावतीचे मागत, आणि ती सगळं दूध विरजून लोणी काढू लागली. म्हशींना खायला सरकी भरपूर; रेच्यावर कापसातलं बी काढलं की सरकीचे ढीगच पडत. तीच सरकी भरडायचं जातं गुळगुळीत झालं होतं.

मी टाकी लावत होते तेवढ्यात तिनं ताकाचा मोठा डेरा तिरका केला आणि मोरीत ओतून दिला.

मी म्हटलं, "येवढं ताक वतून देता?"

"मंग काय करू माय? सारी गल्ली नेते तरी उरते."

"इकत काऊन नाई?"

तिनं कपाळाला हात लावला. "ताक इकू? माह्या सात पिढ्याइत कोनी इकलं नाई. दूध इकाव, तूप इकाव. ताक मांगनाऱ्याले देवाव लागते."

"मंग मले द्या."

"ने ना. गाडगं आन."

गाडगं नेऊन गप्प बसता आलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. आणि असल्या गोष्टी चार दिवसांत गावभर होतात. मी म्हटलं, "आमाले प्याले नाई. डुकराइले पायजे."

गवळण उभी होती ती खाली बसली. "डुकराइले! माह्या म्हशीचं ताक?"

"हो."

"अवं, माही सासू सांगे, म्हशीचं काई डुकराच्या तोंडाले लागलं तं म्हैस आटते!"

"आन मोरीत गेलं तं?"

"मोरीत गेलं ते गेलं."

"मोरी कुटी निंगते?"

"मांगच्या बोळात."

"बोळात डुकरं येत नाईत?"

तिनं रिकामा डेरा पालथा ठेवला. मग म्हणाली, "येतात मेले. रोज सकायीच येऊन बसतात, जसं काई मी आवतन देल्लं."

"म्हशी आटल्या?"

ती एकदम हसली. हसताना तिच्या नाकातली नथ हलली, मोठी होती, नवीन. "लय बोलते तू," ती म्हणाली. "आयक. माह्या हातानं तुले काई देनार नाई. मी मोरीत वतीन. मोरीच्या भाईर काय होते, ते पाहाले मी जात नाई."

"झालं तं मंग. आन जातं लागन तवा मी टाकी लावून देईन."

"त्याचे पैसे घे."

"तुमी ताक इकत नाई, मी टाकी इकत नाई."

ते तिला पटलं. निघताना मी आणखी एक मागितलं: डेऱ्यात मीठ घालायच्या आधीच मोरीत ओतावं. गल्लीत वाटायच्या ताकात ती आधीच मीठ घालून ठेवायची, आणि खारट पाणी प्यालेलं डुक्कर भिंगरीसारखं फिरून पडतं, हे मी लहानपणी माहेरी बघितलं होतं.

"बापा बापा!" ती म्हणाली. "आमच्या व्याह्याइचे एवढे चोचले नसतात!" पण तिनं ते पाळलं. त्या घराची दूधघराची मोरी वेगळी होती, तिच्यातून ताक आणि भांडी विसळलेलं पाणी यांखेरीज काही जात नसे. म्हणून मी त्या पंचमीला दोणी बसवली.

ताकावर डुक्कर कसं वाढवायचं हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी पिल्लांनी पोटं फुगेस्तोवर ताक प्यालं आणि दुसऱ्या दिवशी सगळी हगवणीनं लोळली. मग आम्ही थोडं थोडं वाढवत गेलो. नवऱ्यानं एक गोष्ट पकडली, ती त्याचीच म्हणून सांगते. एक दिवस ताजं गोड ताक आणि दुसऱ्या दिवशी आंबलेलं, असं झालं की पोटं बिघडत. त्यानं एक रांजण ठेवला, तो कधी पूर्ण रिकामा करायचा नाही. रोजचं ताक त्यात ओतायचं, तळाचं जुनं आंबट त्याला आपल्यासारखं करून घेई. रांजणाची चव रोज तीच. त्यानंतर एकाही पिल्लाला हगवण लागली नाही.

नुसत्या ताकानं पोट तट्ट होतं आणि पाय लटपटतात, हेही दिसलं. म्हणून मी डाळी भरडणाऱ्या घरांतून तुरीची चुनी आणि कोंडा मिळवायला लागले, तोही टाकीच्या बदल्यात. चुनी रात्रभर ताकात भिजवायची आणि सकाळी घट्ट कालवून खुराड्यात मी ठेवलेल्या दुसऱ्या दोण्यांत घालायची. दांडगी पिल्लं रोगट्यांना ढकलून देतात, तर नवऱ्यानं खुराड्याच्या मध्ये दगड लावून दोन भाग केले. नर त्यानं वेळेवर खच्ची केले. वाकड्या पायानं तो दिवसभर तिथंच असे, कुत्री हाकी, दोण्या धुई, पिल्लांची पाठ खाजवी. पाटी-फावडं ठेवून आल्यापासून त्याच्या तोंडात शब्द नव्हता. आता तो मला सुनवू लागला. "आज चुनी कमी आनली. तुले का वाटते, हे उपास धरून राहिले?"

भासऱ्यांनाही डुकरं होती, आमच्यापेक्षा जास्त. त्यांनी सरकी घालायला सुरुवात केली. त्यात त्यांचा काही वेडेपणा नव्हता. वऱ्हाडात कुणालाही विचारा, जनावर पोसायचं तर सरकी. बैलाचं अंग चमकतं ते सरकीनं, म्हशीच्या दुधावर साय धरते ती सरकीनं. रेच्याच्या मालकाच्या अंगणात टोळीनं ओटा बांधून दिला होता, तो त्यांना टोपल्या भरभरून सरकी नेऊ देई. मीही एकदा ताकात मूठभर कालवून बघितली होती. माझ्या पिल्लांनी तिच्यावरचे कापसाचे तंतू थुंकून टाकले आणि माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा घातली नाही. मला काही आधीच कळलं होतं असं मी म्हणणार नाही.

माघात त्यांची डुकरं माझ्यापेक्षा सरस दिसत होती. जाऊ पाणी भरायला जाताना आमच्या खुराड्यापाशी मुद्दाम थांबायची.

"काय वं, ताक पाजून पाजून बामन केले का डुकराइले?"

"हो बाई. उद्या जानवं घालतो."

"आमचे पाह्य कसे झाले. हत्ती!"

"मंग आता माहूत शोधा."

ती हसत जायची, मीही हसायची. पण एका रात्री मी जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तर भूक नाही म्हटलं. त्यानं माझी भाकर अर्धी डुकरांना नेऊन घातली आणि अर्धी माझ्यासमोर ठेवली, आणि म्हणाला, "ते वाढून राहिले. तुले दिसत नाई, कावून का तू रोज पायतं." मग त्यानं दोरी आणून दाखवली. दर आठवडी बाजाराच्या दिवशी तो पिल्लांच्या छातीचा घेर दोरीनं मोजत होता आणि गाठ मारत होता. गाठी चांगल्या लांब लांब गेल्या होत्या. मी उरलेली भाकर खाल्ली.

फाल्गुन लागता लागता भासऱ्यांचं पहिलं डुक्कर मेलं. खाऊन-पिऊन धड होतं, दोन दिवस धापा टाकल्या, लोहाराच्या भात्यासारख्या कुशी हलत होत्या, आणि आडवं झालं. मग दुसरं. मग रोज एखादं. अंगानं भरलेली, कातडी तुकतुकीत, आणि श्वास पुरत नाही. जावेनं लिंबू-मिरची टांगली. अंगारा आणला. मग टोळीत कुजबूज सुरू झाली, की धाकटीची नजर लागली. तिची कशी एकही मरत नाहीत?

मला राग आला, पण रागानं डुकरं जगत नाहीत. मी बघायला लागले. माझं एक पिल्लू, सगळ्यांत रोगटं, फटीतून निसटून रोज भासऱ्यांच्या सरकीवर जायचं. ते तसंच धापा टाकून मेलं. आणि भासऱ्यांच्या कळपातली तांबसी, एक तांबूस, अजून न व्यालेली डुक्करीण, जिला बाकीचे हुसकून लावत, ती रोज आमच्या दोणीवर येऊन पडायची. ती ठणठणीत होती. नजर लागायचीच होती, तर माझ्या पिल्लाला लागून त्यांच्या तांबसीला सोडून कशी देईल? नजर असती तर खुराडं कुणाचं हे बघून गेली असती. हे जे चाललं होतं ते तोंडावर चाललं होतं. कोण काय खातं, त्यावर.

हे मी पाण्यावर सगळ्या बायकांसमोर सांगितलं. जाऊ म्हणाली, "सरकीनं मरते? सारं वऱ्हाड सरकीवर पोसून राह्यलं!"

"म्हशीचं पोट येगळं, डुकराचं येगळं. नाई पटत तं तांबसीले सरकी घालून पाहा."

तिनं घातली नाही. त्या दिवसापासून नजरेची गोष्ट पाण्यावर कुणी काढली नाही.

होळीच्या आदल्या दिवशी भासरे आले. नवरा नदीवर गेला होता, जाऊ सोबत नव्हती. टोळी हलायच्या आधी देवीला नाइकाच्या हातून डुक्कर जातं. त्याशिवाय गाडीचं चाक फिरवत नाहीत. त्यांच्याकडं देवीपुढं न्यावं असं एकही उरलं नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. ते खुराड्यापाशी उभे राहिले आणि आमच्या सगळ्यांत दांडग्या नराकडं बघून म्हणाले, "काय रे, देवीले चालशीन का तू?"

तो उठला आणि पाठ फिरवून निघून गेला. भासरे खांबाकडं वळले.

"खांबा, त्या बाईले म्हनाव, देवीसाठी एक दे."

मी खांबालाच म्हटलं, "खांबा, त्याइले म्हनाव, देवीचं मांगाव लागत नाई. न्या. आन चूल?"

"चूल तिचीच. खांबा, सांग तिले, गाडीत जागाबी देतो. पुढची जागा."

हे ऐकायला मी पौषापासून थांबले होते. पण ऐकलं तेव्हा मला कळलं की माझा विचार केव्हाच दुसरीकडं गेला होता. म्हणाले, "गाडी नको. आमी अथीच राहतो. बडनेऱ्यात मी कोनाच्या मोरीखाली दोनी बसवू? अथी ताक आहे, चुनी आहे, जाते आहेत. पालाइतल्या घराइले लगनात, देवाले डुकरं लागतातच. पाच गावाइचे लोक येऊन पाहून गेले. टोळी तिकडून मानूस पाठवन, तं पैला मान तिचा."

भासऱ्यांनी खांबाला सोडून दिलं. मग वळून माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"बाई," ते म्हणाले, "दोघंच राहसान? डर नाई वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "पन चूल मोडाची जास्त वाटे."

त्यांनी मान हलवली. "काय घालतं म्हनाली तू याइले?"

मी सांगितलं. रांजण रिकामा करायचा नाही, मीठ नको, चुनी भिजवून, सरकीचा दाणा नको. त्यांनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून घेतली, लहान पोर पाढा म्हणतं तशी. मग तांबसीकडं बोट दाखवून म्हणाले, "हे आमची."

"तुमचीच. न्या."

"नाई," ते म्हणाले. "तुह्या ताकावर जगली. राहू दे."

देवीला आमचा दांडगा नर गेला. नाइकाच्या हातून गेला, पण मान कापण्याआधी त्यांनी सगळ्या टोळीसमोर सांगितलं की जनावर धाकट्याच्या घरचं आहे. माझा नवरा काठी टेकून पुढं उभा होता. मी मागं बायकांत उभी होते आणि जाऊ मला कोपरानं ढोसत होती. "आता हत्तीन तू झाली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जाताना तिनं तिचं चांगलं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं.

होळीची राख थंड झाल्यावर टोळी निघाली. गाड्या दिसेनाशा होईपर्यंत मी उभी राहिले नाही. चुनी भिजवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी बोळात गेले, दोणीचा बोळा काढला, घागरी भरून आणल्या आणि डुकरांना घातलं. मग पालं उठून गेलेल्या जागेवर गेले. प्रत्येक चुलीचे दगड तिथंच पडले होते, काळे झालेले. चांगला घडवलेला दगड फुकट पडलेला मला बघवत नाही. नवऱ्यानं काठीनं जागा आखून दिली. मी ते सगळे दगड वाहून आणले, काळी बाजू आत करून लावले आणि नव्या खुराड्याच्या भिंतीचा पहिला थर दुपारच्या आत पुरा केला.